जुन्या सदऱ्यावरील वेल

आमच्या कपाटात माझ्या आईने भरलेला एक सदरा आहे. मी महाविद्यालयात जाऊ लागलो त्या वर्षी तिने त्याच्या गुंड्यांच्या पट्टीलगत साखळी टाक्याची निळी वेल काढली होती. आता कॉलर विरली आहे, कोपर फाटले आहेत. वेल मात्र शाबूत आहे. परवा कन्या म्हणाली, "बाबा, ही वेल बाळाच्या कुडत्यावर हवी." जुन्या लुगड्याचा काठ काढून नव्या वस्त्राला लावण्याची रीत आपल्या घरांतून आहेच. तिने कात्री घेतली. पत्नीने ती तिच्या हातातून काढून घेतली. "सासूबाईंच्या हातचं एवढंच उरलंय," इतकेच ती म्हणाली.

दोघींचेही म्हणणे खरे होते. पैठण १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. तेथल्या पैठणीचा मोर विणीतच असतो, म्हणून तो हवा तर पदरासकट कापावा लागतो. भरतकामाचे तसे नाही. तेथे आधी रेषा असते, मागाहून दोरा येतो. आणि रेषा कापडाला न दुखवता उचलता येते. आमच्या शहरातील जरदोजी कारागीर हेच करतात. त्याला ते 'खाका' म्हणतात.

वेलीवर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवली, की टाक्यांचा उठाव उमटतो. लहानपणी आपण नाण्याचा ठसा घेत असू, तसाच. त्या रेषा पारदर्शक कागदावर गिरवून त्यांवर सुईने जवळजवळ छिद्रे पाडायची. मग तो कागद नव्या कापडावर पसरून रॉकेलात कालवलेली पूड बोळ्याने फिरवायची; गडद कापडास पांढरी, फिक्यास निळी. रॉकेल उडून जाते, ठिपक्यांची वेल राहते. इटलीतील राफाएलनेही भित्तिचित्रांसाठी अशीच रेखाटने टोचली होती. त्याच्या 'स्कूल ऑफ अथेन्स'चे टोचलेले रेखाटन मिलानच्या संग्रहालयात आजही आहे.

काम झाल्यावर कारागिराने कागद गुंडाळून परत दिला व म्हणाला, "कपडा तो फटताइच है साब, खाका संभालके रखो." त्याच्या 'इच'मध्ये आपला 'च' आहे. दखनीने तो मराठीकडून घेतला, असे भाषाभ्यासक मानतात. त्यासाठी मराठीला कात्री लागली नाही, आणि आपला 'च'ही उणा झाला नाही.

खाक्यात रेषा येते, टाका येत नाही. कन्येच्या पहिल्या साखळ्या सैल पडल्या. तेव्हा जिने कात्री काढून घेतली होती, तीच शेजारी येऊन बसली व सासूबाई दोरा अंगठ्याखाली कसा धरीत, ते दाखवू लागली. कुडत्यावरील वेल हुबेहूब आईची झाली नाही. पण ती आमच्या घरचीच आहे, हे पाहताक्षणी कळते. सदरा पुन्हा कपाटात गेला. त्याच्याशेजारी आता कागदाची एक गुंडाळी आहे.