सेंट्रिफ्यूज मोजले, औषधं कोण मोजणार?

अणुबॉम्ब, युरेनियम, निर्बंध असे शब्द आले की आपल्यातल्या बऱ्याचजणी पान उलटतात. ‘हे पुरुषांचे विषय’ असं आपल्या मनावर इतकं बिंबवलेलं आहे! म्हणूनच मला इराणच्या अणुकराराबद्दल इथे लिहायचं आहे.

१४ जुलै २०१५ला व्हिएन्नात इराणने सहा देशांशी करार केला. वाटाघाटींत बायका होत्या, आणि त्याही नुसत्या टिपणं घ्यायला नव्हे. युरोपीय संघातर्फे आधी कॅथरिन अ‍ॅश्टन, मग फेडेरिका मोगेरिनी, अमेरिकेतर्फे वेंडी शर्मन. इराणतर्फे बोलणारे जरीफ, अराघची, सालेही सगळे पुरुष. युरेनियमचं समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांवर, साठा ३०० किलोवर, मुदत १५ वर्षं, एवढं बारकाईने ठरलं. मानवी हक्कांचा विषय मात्र मुद्दाम बाजूला ठेवला, करार फिसकटू नये म्हणून.

याबद्दल इराणी स्त्रियांमध्येच मतभेद आहेत. निर्बंध उठून आलेला पैसा दडपशाही करणाऱ्यांच्याच हाती जातो, असं काहीजणी म्हणतात. हा आक्षेप मला खोडून काढता येत नाही. तरीही मी कराराच्या बाजूची आहे, कारण तो मोडल्यावर काय झालं ते आपण पाहिलं.

८ मे २०१८ला ट्रम्प यांनी अमेरिकेला करारातून बाहेर काढलं. निर्बंध परतले. कागदावर औषधांना सूट होती, पण दंडाच्या भीतीने बँका पैसेच पुढे पाठवेनात. रक्ताचा कर्करोग, अपस्मार अशा रोग्यांचे हाल ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने २०१९च्या अहवालात नोंदवले आहेत. निर्बंध म्हणे युद्धाला अहिंसक पर्याय! आजाऱ्याची उशा-पायथ्याशी बसून शुश्रूषा कोण करतं, औषधाच्या दुकानांचे उंबरठे कोण झिजवतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

बरं, बॉम्ब तरी लांबला का? २०२१मध्ये इराणने समृद्धीकरण ६० टक्क्यांवर नेलं. आणि सत्ता नरमली का? २०२२मध्ये महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली आणि ‘स्त्री, जीवन, स्वातंत्र्य’ म्हणत रस्त्यावर आलेल्या मुलींवर गोळ्या चालल्या. त्यांना परकीयांच्या हस्तक ठरवायला सरकारला बाहेरचा दबाव आयताच उपयोगी पडला.

जून २०२५मध्ये आधी इस्रायलने, मग अमेरिकेने बॉम्ब टाकले. २३ जूनला इस्रायलने तेहरानच्या एविन तुरुंगावर हल्ला केला. नर्गिस मोहम्मदींसारख्या कितीतरी कार्यकर्त्या वर्षानुवर्षं डांबल्या गेल्या तोच हा तुरुंग. मेलेल्यांत कैद्यांना भेटायला आलेले नातलग होते, समाजसेविका होत्या. ही म्हणे इराणी बायकांची मुक्ती!

शांततेच्या वाटाघाटींत स्त्रियांना स्थान हवं, असा ठराव सुरक्षा परिषदेनेच २०००मध्ये केला आहे. त्याचा अर्थ मोठ्या देशांच्या दोन-तीन मुत्सद्दी बायका एवढाच घेऊन चालणार नाही. इराणशी पुन्हा बोलणी होतील तेव्हा औषधांचे पैसे चुकते करायला बँकेचा खुला मार्ग हे पहिलं कलम असावं, आणि एविनमध्ये राहून आलेल्या बायकांना विचारल्याशिवाय मसुदा पुढे सरकू नये.