ट्रिप होणे ही तक्रार आहे

घरातील वीज वारंवार जाते. वायरमन येतो, बोर्ड उघडून काहीतरी करतो आणि पाच मिनिटांत "हो गया, साब" म्हणून निघून जातो. दिल्ली, नोएडा किंवा गुडगाव येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. त्या 'काहीतरी'चा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो, की बोर्डातील आरसीसीबी बाजूला ठेवून तारा थेट जोडल्या गेल्या. प्रशासनाच्या भाषेत सांगायचे तर तक्रारीचे निवारण न करता तक्रारदारालाच कार्यालयाबाहेर काढले.

हे उपकरण कशासाठी असते, हे आधी पाहू. बोर्डातील एमसीबी ही तारांचे रक्षण करते. भार वाढला किंवा शॉर्ट सर्किट झाले की ती पडते. माणसाला बसणारा धक्का तिला कळत नाही. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने ३० मिलिअँपिअर म्हणजे तिच्या मर्यादेच्या पाचशेव्या हिश्श्याहूनही कमी. पण तेवढा प्रवाह छातीतून काही क्षण वाहिला तर हृदयाची लय बिघडू शकते. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांचा सतत ताळा घेते. हिशेब जुळला नाही, म्हणजेच काही प्रवाह माणसाच्या शरीरातून वा ओल्या भिंतीतून जमिनीत गेला, की ती सेकंदाच्या अंशात वीज तोडते. फेज आणि न्यूट्रल या दोन्हींना एकाच वेळी हात लागल्यास मात्र ती काही करू शकत नाही. तसेच ती अर्थिंगला पर्याय नाही. अर्थिंग नीट असेल तर दोष निर्माण होताच ती पडते. नसेल तर कोणी तरी हात लावीपर्यंत वाट पाहते.

दिल्लीत याचे महत्त्व अधिक आहे. उन्हाळ्यात घरोघरी लोखंडी पत्र्याचे कूलर लागतात. पत्रा, पाणी आणि त्यात बुडालेला पंप एकत्र आले की गळतीला वेगळे निमंत्रण लागत नाही. पावसाळ्यात गल्ल्या तुंबतात. जुलै २०२४ मध्ये पटेल नगर भागात पाणी साचलेल्या गल्लीत लोखंडी फाटकाचा धक्का लागून लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणारा एक तरुण मृत्युमुखी पडला. त्या घटनेचा दोष कोणाचा, हे ठरविणे माझे काम नाही. पण शेजारच्या राजिंदर नगरात आणि करोल बागेत महाराष्ट्रातून आलेली शेकडो मुले भाड्याच्या खोल्यांत राहतात, आणि त्यांच्या खोलीचा बोर्ड कोणी कधी तपासला, हे त्यांना विचारूनही सांगता येणार नाही.

नियम नाहीत असे नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांत घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरची मर्यादा घातली होती, मात्र ५ किलोवॅटखालील लहान जोडण्यांना त्यातून सूट होती. २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे विनियम आले. परंतु शासनाची नजर मुख्यतः नवी जोडणी देताना पडते. परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी अहवाल जोडला की फाइल बंद होते. वीज कंपनीची जबाबदारी मीटरपाशी संपते, घरमालक भाडेकरूकडे बोट दाखवितो, आणि भाडेकरू अकरा महिन्यांनी निघून जातो.

म्हणून वाचकांसाठी काही सूचना :

१) आरसीसीबीवर 'टी' अक्षराचे बटन असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. वीज गेली नाही तर उपकरण निकामी आहे, असे समजावे.

२) ती वारंवार पडत असेल तर सर्व एमसीबी बंद करून ती चढवावी आणि मग एकेक एमसीबी सुरू करावी. जिच्यावर ती पडेल, त्या सर्किटवरील उपकरणांचे प्लग काढून पुन्हा पाहावे. कूलरचा पंप, गिझरची कॉइल व बाहेरील ओला दिवा यांच्यावर प्रथम संशय घ्यावा.

३) सर्व एमसीबी बंद असतानाही ती पडत असेल तर न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला टेकली असण्याची शक्यता आहे, कारण एकेरी एमसीबी न्यूट्रल तोडत नाही. मागाहून इन्व्हर्टर बसविताना दोन सर्किटांच्या न्यूट्रल एकत्र बांधल्या गेल्या, तरीही ती पडते. हे काम परवानाधारक वायरमनचेच आहे. बोर्ड स्वतः उघडू नये.

४) वायरमनला "वीज आली का?" असे न विचारता "गळती कुठे होती?" असे विचारावे. उत्तर मिळाल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

शासनाकडे माझी मागणी छोटी आहे. घरभाड्याचा अकरा महिन्यांचा करार हा दिल्लीतील सर्वांत नियमित पाळला जाणारा कागद आहे. त्याच्या नमुन्यात एक ओळ वाढवावी : 'आरसीसीबीचे बटन उभय पक्षांसमक्ष अमुक तारखेस दाबून पाहिले व वीज खंडित झाली.' यासाठी नवे निरीक्षक नकोत, नवे शुल्क नको, दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेश या तीन सरकारांचा समन्वयही नको. जी तपासणी वीस वर्षांत एकदा होते, ती दर अकरा महिन्यांनी होईल आणि जबाबदारी कोणाची, हे सहीनिशी ठरेल.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार अलीकडच्या वर्षांत देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक लोक दगावतात. घराबाहेर राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना फोनवर "जेवलास का?" असे आपण रोज विचारतो. त्यासोबत ते बटन दाबून पाहिले का, हेही महिन्यातून एकदा विचारावे.