खिसा कोणाचा?

लोकसाहित्याच्या क्षेत्रकार्यासाठी विभागाने छोटा फोटो प्रिंटर घ्यावा का, हा प्रश्न आमच्या बैठकीत निघाला आणि पाचच मिनिटांत ‘सर्वांत स्वस्त व सर्वांत लहान तो घ्या’ या वाक्यावर मिटला. प्रश्न अशा रीतीने मिटण्यालाच आमचा आक्षेप आहे.

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर आपले विद्यार्थी जातात, म्हाताऱ्या धवळेरीला दोन तास गायला लावतात, फोटो काढतात, आणि प्रकल्पात लिहितात : ‘निवेदक – एक आदिवासी स्त्री, वय अंदाजे साठ’. तिच्या हाती काय पडते? १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड सरकारने छापले, त्यातली माणसेही नमुने म्हणूनच उभी होती. त्या ग्रंथावर आपण वर्गात तावातावाने बोलतो. असो.

‘फोटो व्हॉट्सॲपवर पाठवता येतो’, असे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले. सर, फोन तिचा नसतो, मुलाचा असतो. दिवाळीनंतर मुलगा वीटभट्टीवर जातो, फोन त्याच्याबरोबर जातो, आणि फोन बदलला की फोटोही जातो. उलट म्हशाच्या यात्रेत रंगवलेल्या पडद्यापुढे काढलेला फोटो कुडाच्या भिंतीवर अजून टिकून असलेला आम्ही पाहिला आहे. कागदाचे मोल तिला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते आपल्याला.

आता यंत्राविषयी. बाजारात मुख्यतः तीन पद्धती आहेत. पहिली झिंकची. (झिंक म्हणजे इथे जस्त नव्हे, ‘शून्य शाई’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा तो संक्षेप.) रंगाचे स्फटिक कागदातच असतात आणि उष्णतेने ते उमटतात. पोलरॉइडच्या प्रयोगशाळेतून निघालेले हे तंत्र २००८ साली ‘पोगो’ नावाच्या प्रिंटरमधून बाजारात आले. यंत्र खरोखर खिशात मावते, शाईची कटकट नाही. पण चित्र दोन बाय तीन इंचांचे, पाठीला चिकट. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना त्यात स्वतःचा चेहरा सापडत नाही, आणि सावळ्या कातडीचा रंग तर हमखास मातकट येतो. वहीला चिकटवायचे खेळणे म्हणून ते ठीक आहे. दुसरी फुजीफिल्मची इन्स्टॅक्स : रंग गोड, पण मिनीचे चित्र ६२ बाय ४६ मिलिमीटर, आणि फिल्म उन्हात तापली की बिघडते. एप्रिलमधल्या मुरबाडच्या एसटीत ती सांभाळून दाखवावी!

तिसरी डाय-सब्लिमेशनची. कॅननच्या सेल्फी सीपी मालिकेत पोस्टकार्डाएवढा, म्हणजे १०० बाय १४८ मिलिमीटरचा कागद चार वेळा आत-बाहेर होतो : पिवळा, किरमिजी, निळा आणि शेवटी पारदर्शक लेप. हा लेप आम्हाला महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बाराही महिने चुलीचा धूर. कंपनी अल्बममध्ये शंभर वर्षांची ग्वाही देते. भिंतीवर त्याच्या पाव भाग जरी टिकला तरी नातवापर्यंत पोचेल. प्रिंटर स्वतःचेच वायफाय उभे करतो, तेव्हा पाड्यावर रेंज नसली तरी अडत नाही. ॲप मात्र निघण्यापूर्वीच उतरवून घ्यावे. बॅटरी वेगळी विकत घ्यावी लागते आणि खरेदीच्या यादीतून पहिली तीच वगळली जाते. तीवाचून पाड्यावर यंत्र निरुपयोगी.

हा प्रिंटर खिशात मावत नाही, हे कबूल. झोळीत मावतो. पण ‘पॉकेट’ हा निकष कोणाच्या सोयीचा? खिसा आपला, भिंत तिची. ‘मग कोडॅकचा छोटा घेऊ, त्यातही हेच तंत्र आहे’, असे कोणी म्हणेल. आहे, लेपही आहे. आकाराची अडचण मात्र पुन्हा तीच. आणि यंत्राच्या किमतीवर भांडणाऱ्यांनी कागदाचा खर्च आधी मांडावा. खरा खर्च तिथे आहे, आणि कागद संपल्यावर यंत्र कपाटात जाते, हा आपल्या विभागांचा इतिहास आहे.

एक गोष्ट बैठकीत कोणाच्याच लक्षात आली नाही. या प्रिंटरच्या वापरलेल्या रिबिनीवर छापलेल्या प्रत्येक चेहऱ्याची उलटी प्रतिमा शिल्लक राहते. ती रिबीन पाड्यावर किंवा कॉलेजच्या कचऱ्यात टाकू नये. कात्रीने बारीक तुकडे करावेत. हे काम विद्यार्थ्यांवर न सोडता शिक्षकांनी करावे. आमची दोघांची तयारी आहे.