सिग्नेटींचा संघ आणि आपला वर्ग

गेल्या महिन्यात वर्ग सुटेपर्यंत आम्ही पालक नेहमीप्रमाणे चहाच्या थर्मासभोवती उभे होतो. विषय निघाला गटांचा. ज्या मुलांना अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत त्यांना वेगळ्या खोलीत बसवावं, म्हणजे बाकीच्यांची गाडी पुढे जाईल, असं काही जणांचं म्हणणं पडलं. एका गृहस्थांनी दाखला दिला तो आपल्या इंडियाना विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा. "नवा कोच आला, कच्चे गडी गेले, पक्के आले, आणि आता बघा!" सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली. पण घरी जाताना गाडीत आमचं मत फिरलं, ते इथे मांडतो.

ज्या आई-आजींना हा खेळ म्हणजे एकमेकांच्या अंगावर पडणारी दांडगी मुलं एवढाच वाटतो, त्यांच्यासाठी थोडक्यात: अकरा जणांनी चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा; नेला तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. बाकीचे नियम मुलांना विचारा. ती आनंदाने सांगतील, अर्थात इंग्रजीत.

इंडियानाचा संघ म्हणजे हरण्यासाठीच प्रसिद्ध. २०२१ मध्ये १२ पैकी २ सामने जिंकले, २०२२ मध्ये ४, २०२३ मध्ये ३. त्या नोव्हेंबरच्या अखेरीस कर्ट सिग्नेटी यांना बोलावलं. वय ६२. आल्या आल्या पत्रकारांना म्हणाले, मी जिंकतो, गूगलवर बघा. (असं आपल्या मुलांनी म्हटलं तर आपण कान पिळू.) आणि २०२४ चे पहिले दहाच्या दहा सामने जिंकले! नेब्रास्काला ५६-७ ने धुतलं, आदल्याच वर्षीच्या राष्ट्रीय विजेत्या मिशिगनला २०-१५ ने हरवलं. या विद्यापीठाला त्याआधी एका हंगामात नऊच्या वर विजय कधीच मिळाले नव्हते. मग ओहायो स्टेटने ३८-१५ असं जमिनीवर आणलं. पर्ड्यूला मात्र ६६-० ने हरवलं. आपल्यात पर्ड्यूचे इंजिनियर बरेच आहेत, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. शेवटी प्लेऑफमध्ये नोत्र दामकडून २७-१७ अशी हार. एकूण ११ विजय, २ पराभव.

तेव्हा पुष्कळ जण म्हणाले की सोपे प्रतिस्पर्धी मिळाले म्हणून जिंकले. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण ज्या दोघांकडून हरले तेच दोघे जानेवारी २०२५ मध्ये अंतिम सामना खेळले, हेही ध्यानात घ्यावं. पुढच्या हंगामात तर सोळाच्या सोळा सामने जिंकून हा संघ राष्ट्रीय विजेता झाला, ते सर्वांना ठाऊकच आहे. आम्हाला बोलायचंय ते पहिल्या वर्षाबद्दल.

गडी बदलले हे खरं. २०२१ पासून खेळाडूला एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलता येऊ लागलं, त्याचा सिग्नेटींनी पुरेपूर उपयोग केला. व्हर्जिनियातल्या जेम्स मॅडिसन विद्यापीठात ते आधी कोच होते. तिथले तेरा खेळाडू त्यांच्या मागोमाग आले. चेंडू झेलणारा इलायजा सॅरट, बचावात एडन फिशर आणि मिकेल कमारा, सगळे तिकडचे.

पण हे पक्के गडी पक्के कुठे झाले? मोठ्या विद्यापीठांनी यांच्या दारात रांग लावली नव्हती. सॅरट तर सेंट फ्रान्सिस नावाच्या लहान कॉलेजात खेळून मग जेम्स मॅडिसनला आला होता. लहान जागी, कोणी कॅमेरा घेऊन बघत नसताना, शिकवून तयार झालेली ही मुलं. खुद्द सिग्नेटींचंही तेच. अलाबामात निक सेबन यांच्या हाताखाली चांगली नोकरी होती, ती २०११ च्या सुरुवातीला सोडून, कमी पगारावर, ते पेनसिल्व्हेनियातल्या एका दुसऱ्या श्रेणीच्या संघाचे कोच झाले. वय तेव्हा एकोणपन्नास. ते प्रसिद्ध झाले ते तेरा वर्षांनी. आम्ही चाळिशीत आहोत, मॅनेजरने नुसतं प्रोजेक्ट बदललं तरी आठवडाभर झोप लागत नाही.

आणि जुने सगळे गेले असंही नाही. मधोमध उभा राहून चेंडू मागे देणारा माइक केटिक हा इंडियानातच सहावं वर्ष खेळत होता. पडत्या काळातले तिन्ही हंगाम त्याने सोसले होते.

आमच्या धंद्यात नवा मॅनेजर आला की जुना कोड फेकून सगळं नव्याने लिहायची टूम निघते. कधी ते बरोबरही असतं. पण सिग्नेटींना ते परवडलं, कारण त्यांचं काम शनिवारी जिंकण्याचं होतं आणि गेलेल्या मुलांना जायला दुसरी कॉलेजं होती. आपल्या वर्गातून उठलेलं मूल कुठे जाणार? त्याला घ्यायला दुसरा मराठी वर्ग बसलेला नाही. ते सॉकरला जाईल आणि दोन वर्षांनी आजीशी फोनवर "हॅलो, आय ॲम फाइन" एवढंच बोलेल.

आणखी एक. क्वार्टरबॅक कर्टिस रूर्क तो अख्खा हंगाम गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला असताना खेळला, हे नंतर उघड झालं. त्याचं कौतुक मुलांसमोर करताना जरा जपून करावं असं आमचं मत आहे. आम्हाला तरी ते ऐकून वाईटच वाटलं.

आता खरं सांगून टाकतो. जोडाक्षरं न येणाऱ्यांत आमचे चिरंजीवही आहेत. घरी येताना मागच्या सीटवरून त्याने विचारलं, "बाबा, मला कट केलं का?" चहाजवळचं आमचं बोलणं त्याने दारातून ऐकलं होतं. हा मजकूर लिहिण्यामागे ते कारण नाही असं म्हणणार नाही.

गट करू नयेत, अशी बाईंना विनंती आहे. त्यापेक्षा वर्गाआधी अर्धा तास, साडेनऊला, अडलेल्या मुलांना घेऊन आम्ही दोघं बसायला तयार आहोत. दाराची किल्ली आमच्याकडे आहेच. आणखी दोन पालक आले तर एकेका मोठ्या माणसाकडे तीन-तीन मुलं येतील. चहा आम्ही आणू.