भेंडी बाजार नवा होतोय. घर कोणाच्या नावावर?

जे. जे. उड्डाणपुलावरून जाणाऱ्या जुन्या माणसाला आता भेंडी बाजार चटकन ओळखू येत नाही. जिथे टेकू लावलेल्या चार-पाच माळ्यांच्या चाळी होत्या, तिथे उंच मनोरे उभे राहिले आहेत. दाऊदी बोहरा समाजाचे तत्कालीन धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांनी 2009 साली स्थापन केलेल्या सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्टचं हे काम. साडेसोळा एकर जमीन, सुमारे अडीचशे इमारती, 3,200 कुटुंबं आणि 1,250 दुकानं असा त्याचा पसारा आहे. एखाद्या समाजाच्या ट्रस्टने एवढं मोठं काम अंगावर घेतल्याचं उदाहरण आपल्याकडे विरळाच.

या प्रकल्पाबद्दल आपल्या मुलामुलींशी बोललं की दोन प्रतिक्रिया हमखास येतात. पहिली : ‘ते बोहरा लोकांचं आहे, आपल्याला काय?’ दुसरी : ‘बघा, कौमने करून दाखवलं!’ दोन्हींत एक घोळ आहे. घर, पाणी, संडास आणि डोक्यावर न कोसळणारं छप्पर हे प्रश्न जमातीचे नाहीत, नागरिकांचे आहेत. आणि आज भेंडी बाजारात जे घडतंय, ते उद्या डोंगरी, उमरखाडी, नागपाडा, मदनपुरा आणि कामाठीपुऱ्यात घडणार आहे. कोकणातल्या कितीतरी मुस्लिम कुटुंबांची मुंबईतली पहिली खोली याच पट्ट्यात होती. अनेकांची अजूनही आहे. म्हणून हा विषय चिपळूणच्या, महाडच्या किंवा मुंब्र्याच्या तरुणालाही परका नाही.

चाळी का पडल्या?

आधी हे समजून घेऊ की हा भाग इतका जर्जर झाला कसा. ‘आपले लोक घाणेरडे राहतात’ हे उत्तर बाहेरचे देतात आणि दुर्दैवाने आपणही ते उचलतो. खरं कारण कायद्यात आणि हिशेबात आहे.

1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी साधारण 1940 च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या घरटंचाईत भाडेकरूला संरक्षण हवंच होतं. पण ती तात्पुरती सोय पन्नास वर्षांहून अधिक चालली. मालकाला महिन्याला मिळणाऱ्या भाड्यात जिन्याची एक पायरीही दुरुस्त होईना. मग पागडी आली. भाडेकरू खोली विकतो, मालक त्यातला वाटा घेतो आणि इमारत तशीच राहते. दुरुस्तीसाठी सरकारने 1969 च्या कायद्याने स्वतंत्र मंडळ नेमलं, इमारतींवर उपकर बसवला. पुढे हे मंडळ म्हाडात आलं. 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात मोडतात, म्हणजे त्यांतली सर्वांत नवीही आज ऐंशीच्या पुढे आहे. मंडळाची दुरुस्ती म्हणजे बहुतेकदा टेकू, पत्रा आणि थोडं सिमेंट.

याची किंमत माणसांनी मोजली. 31 ऑगस्ट 2017 ला पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि 33 जण गेले. ही इमारत याच पुनर्विकास प्रकल्पातली होती; काही कुटुंबं आधीच हलली होती, काही मागे राहिली होती. पुढे जुलै 2019 मध्ये डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडला, तिथेही दहाहून अधिक माणसं दगावली. त्यामुळे ‘जुना मोहल्ला आहे तसाच जपा’ असं दुरून म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. भेंडी बाजार घराण्याचं गाणं, उर्दूची पुस्तकांची दुकानं, रमजानची रात्र, हे सगळं आपलं वैभव आहे. पण ते टेकूवर उभ्या असलेल्या तुळईने जपलेलं नाही, तिथे राहणाऱ्या माणसांनी जपलं आहे. माणसं वाचली तर गाणं वाचेल.

श्रेय द्यायला हवं

ट्रस्टने काही गोष्टी नीट केल्या आहेत. भाडेकरूला किमान 350 चौरस फुटांचं घर मोफत आणि मालकीहक्काने मिळतं. बांधकामाच्या काळात राहायला माझगावसारख्या जवळच्या भागात सोय केली गेली. पहिल्या दोन मनोऱ्यांत सहाशेच्या आसपास कुटुंबं परतली आहेत. मुंबईत ‘संक्रमण शिबिर’ म्हणून हलवलेली माणसं तिथेच म्हातारी झाल्याची उदाहरणं ढिगाने आहेत. त्या तुलनेत परत येणं ही मोठी गोष्ट आहे. शिवाय प्रकल्पात बोहरा नसलेले भाडेकरूही आहेत.

सर्वांत मोठा फरक मला घरातल्या संडासाचा वाटतो. चाळीत माळ्याच्या टोकाला सगळ्यांचा मिळून संडास असतो. रात्री एकटीने तिथे जायचं नाही म्हणून संध्याकाळनंतर पाणी न पिणाऱ्या बायका या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या. दारामागे स्वतःचा संडास येणं हा तिथल्या बाईच्या आयुष्यातला बदल आहे आणि तो कुठल्याही कमानीपेक्षा मोठा आहे.

संमती किती मोकळी?

आता अडचणीच्या मुद्द्याकडे येऊ. पुनर्विकासाचा पाया भाडेकरूंची संमती हा असतो. कायदा ती लेखी मागतो, कारण बिल्डरने दमदाटी करू नये. पण मालक, विकासक आणि धर्मसंस्था एकाच छत्राखाली आली तर? ज्यांच्या परवानगीने निकाह लागतो आणि दफन होतं, त्यांच्याच योजनेला ‘मला हा करार मान्य नाही’ असं म्हणायला किती छाती लागेल?

हा प्रश्न हवेतला नाही. तत्कालीन मुंबई राज्याने 1949 मध्ये जमातीतून बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला होता. बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तो 1962 मध्ये रद्द ठरवला. असगर अली इंजिनीअर यांच्यासारख्या सुधारकांनी आयुष्यभर याविरुद्ध झुंज दिली. 2016 च्या कायद्याने महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कार गुन्हा ठरवला, आणि 1962 च्या निकालाचा फेरविचार करण्याचा प्रश्न 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या खंडपीठाकडे गेला. भेंडी बाजारात कोणावर जबरदस्ती झाली असं मी म्हणत नाही. मुद्दा रचनेचा आहे. श्रद्धेचा अधिकार आणि घराचा अधिकार एकाच हाती असतील, तर तक्रार ऐकणारा तिसरा कोणीतरी हवाच. हे बोहरा समाजाला जितकं लागू, तितकंच सुन्नी मशिदींच्या ट्रस्टना, दर्ग्यांच्या कमिट्यांना, कोकणी जमातींना आणि वक्फच्या इमारतींनाही. उद्या त्यांच्याही चाळी पाडायच्या आहेत.

भाडेपावतीवरचं नाव

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न बैठकांमध्ये फारसा निघत नाही : नवं घर कोणाच्या नावावर होणार?

जुनी खोली बहुधा दादा किंवा अब्बांच्या नावाची भाडेपावती असते. भाडे कायद्याप्रमाणे भाडेकरू वारला की मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू होतो. सासरी गेलेली मुलगी इथेच बाहेर पडते. घरात राहिलेल्या आईचं नावही अनेकदा लागत नाही; ‘भाईजानच्या नावावर करा, पुढे कटकट नको,’ म्हणून प्रश्न मिटवला जातो. खोलीची किंमत पावतीपुरती होती तोवर हे खपून गेलं. आता तीच पावती दक्षिण मुंबईतल्या मालकीच्या फ्लॅटमध्ये बदलते आहे. म्हणजे एका सहीने कुटुंबाची सगळ्यांत मोठी मालमत्ता ठरते, आणि ती सही बहुतेक वेळा एका पुरुषाची असते.

फ्लॅट मालकीचा झाला की पुढच्या मृत्यूनंतर वारसाहक्क लागू होतो. आपल्या व्यक्तिगत कायद्यात मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा, आणि मुलं असतील तर पत्नीला आठवा हिस्सा. त्या कायद्यात सुधारणा व्हावी ही हमीद दलवाईंपासूनची मागणी आहे आणि ती मी मानतो. पण कायदा बदलेपर्यंत थांबायचं कारण नाही. घरात तिचंही नाव सुरुवातीपासून असेल, तर तिचा हिस्सा वारसात मागावाच लागत नाही, तो तिचाच असतो. बापाला हयातीत हिबा करून मुलीला देता येतं. त्याला कोणताही मौलाना हराम म्हणू शकत नाही.

यात सरकारलाही एक साधी गोष्ट करता येईल. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत नवं घर पती-पत्नी दोघांच्या नावावर करण्याची तरतूद कधीपासून आहे. मग चाळीतल्या बाईने काय घोडं मारलंय? निकाहनाम्यात मेहरची रक्कम आपण आकड्यात आणि अक्षरात लिहितो. घराच्या करारनाम्यावर मात्र तिचं नाव लिहायला विसरतो.

यादीत नसलेले

ज्यांच्याकडे पावतीच नाही त्यांचं काय, हा पुढचा प्रश्न. गाळ्यात काम करून तिथेच झोपणारे कारागीर, पोटभाडेकरू, जिन्याखाली इस्त्री करणारे, रस्त्यावर फळं आणि खजूर विकणारे. मोहल्ल्याची रोनक यांच्यामुळे होती, पण पुनर्विकासाच्या यादीत ते नसतात. नवे रुंद रस्ते झाले की आधी त्यांनाच हटवलं जातं.

आणि जे परत येतात त्यांच्यापुढे देखभालखर्च उभा असतो. जुनं भाडं कधी नजरेत भरलं नाही. लिफ्ट, पंप, आग विझवण्याची यंत्रणा यांचा मासिक खर्च मात्र त्याच्या कितीतरी पट असतो. घर मोफत मिळतं, पण राहणं मोफत नसतं. निवृत्त माणूस, विधवा, रोजंदारीवरचा माणूस हा खर्च किती वर्षं झेपवेल? नाहीतर दहा वर्षांनी फ्लॅट विकून तोच माणूस मुंब्र्याला किंवा मीरा रोडला जाईल, आणि 1992-93 नंतर भीतीमुळे जे झालं ते या वेळी बिलामुळे होईल.

बैरूतचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. यादवी युद्धानंतर, 1994 मध्ये, शहराचा मध्यभाग उभारायला सॉलिदेर नावाची कंपनी निघाली. जुन्या मालकांना जमिनीच्या बदल्यात कंपनीचे शेअर मिळाले. रस्ते सुंदर झाले, दगड घासून पुसून लखलखीत झाले. पण जुने बाजार, जुने गिऱ्हाईक आणि जुने दुकानदार मात्र फारसे परतले नाहीत. मध्यवस्ती जिवंत झाली की फक्त महाग झाली, हे ओळखायची खूण सोपी आहे : संध्याकाळी तिथे खाली कोण उभं असतं ते पाहावं.

आपण काय करायचं?

ट्रस्ट, म्हाडा आणि सरकारकडे मागण्या कराव्यातच. संमती गुप्त मतदानाने घ्यावी. तक्रार ऐकायला ट्रस्टबाहेरचा अधिकारी असावा. पती-पत्नीचं संयुक्त नाव सक्तीचं करावं. देखभालीसाठी निधी किती आणि कुठे ठेवला, याचा हिशेब दरवर्षी रहिवाशांपुढे मांडावा. वरळीच्या बीडीडी चाळीत सरकार 500 चौरस फूट देऊ शकतं, तर उपकरप्राप्त चाळींचं किमान क्षेत्र का वाढू नये, हेही विचारावं.

पण काही कामं आपल्या घरातली आहेत आणि ती तुम्ही-आम्हीच करू शकतो. आज रात्री अब्बांना विचारा, भाडेपावती कोणाच्या नावावर आहे. दादांच्या नावावर असेल तर वारसनोंद का झाली नाही, ते शोधा. मृत्यूचे दाखले, रेशनकार्ड, वीजबिलं एका फाइलमध्ये लावा. रत्नागिरीतल्या चाचांशी आणि कतारमधल्या भावाशी आताच बोला, कराराच्या आदल्या रात्री नको. करारनामा इंग्रजीत असेल तर मराठीत किंवा उर्दूत समजावून मागा. न वाचता सही करू नका. आणि इमारतीच्या बैठकीला बहीण, आई, वहिनी यांना घेऊन जा. तिथे बायकांसाठी खुर्च्या नसतील तर त्या मांडा.

मोहल्ल्याचं पुनरुज्जीवन कोणी मोठा माणूस आपल्यावर उपकार म्हणून करत नाही. ते आपल्या सहीने होतं. म्हणून सही करण्याआधी एवढंच पाहायचं, की कागदावर घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे का.