स्वादुपिंडाला सूज आली, तर इम्युनिटी आवरणारं इंजेक्शन का देत नाहीत?

रात्री जेवण झालं आणि थोड्या वेळाने पोटाच्या वरच्या भागात कळ सुरू झाली. घरच्यांना वाटलं ॲसिडिटी. थंड दूध पिऊन झालं, गोळी घेऊन झाली. पण कळ पाठीपर्यंत गेली, उलट्या थांबेनात. हॉस्पिटलमध्ये रक्त तपासलं तर लायपेज कित्येक पट वाढलेलं. निदान: अक्यूट पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज.

अशा वेळी नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, यावर इंजेक्शन कोणतं?" उत्तर ऐकून मात्र गोंधळ होतो. कारण मुख्य उपचार म्हणजे सलाईन, वेदना कमी करणारी औषधं, झेपेल तसं लवकर खाणं आणि सतत लक्ष. सलाईनही बेतानेच. २०२२ मध्ये 'वॉटरफॉल' नावाची चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण भरभरून सलाईन दिलेल्या रुग्णांच्या शरीरात पाणी साचत होतं आणि फायदा काही दिसत नव्हता.

मग इम्युनिटीचा इथे संबंध काय?

स्वादुपिंड पचनाचे एन्झाइम तयार करतं. ते आतड्यात पोहोचल्यावर कामाला लागायला हवेत. पण पित्ताशयातला खडा नळीत अडकला किंवा दारूने पेशींना इजा झाली, की ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम स्वादुपिंडातच जागं होतं. अवयव स्वतःलाच पचवू लागतो.

इथपर्यंत नुकसान एका जागेपुरतं असतं. पण फुटलेल्या पेशींमधून जे बाहेर पडतं, ते रोगप्रतिकारक यंत्रणेला धोक्याचा इशारा वाटतं. पांढऱ्या पेशी धावून येतात, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ-अल्फासारखे संदेश रक्तात सोडतात. म्हणजे जंतू एकही नाही, पण युद्ध सुरू! (सुरुवातीलाच सरसकट अँटिबायोटिक देऊ नये असं म्हणतात, ते याचमुळे.) पाचपैकी साधारण चार जणांमध्ये हे काही दिवसांत निवळतं. उरलेल्यांमध्ये फुफ्फुसं, किडनी, रक्ताभिसरण यांच्यावर परिणाम होतो. मृत्यूचा खरा धोका या गटाला असतो.

हे वाचून कोविडची आठवण होईल. तिथेही प्रतिकारशक्तीचा अतिरेक घातक ठरत होता, आणि ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत डेक्सामेथासोन आणि टोसिलिझुमॅब या औषधांनी गंभीर रुग्णांचे जीव वाचवले होते. मग हाच उपाय इथे का नाही?

प्रयत्न कोविडच्या कितीतरी आधी झालाय. दाह पेटवणाऱ्या एका रेणूला अडवणारं लेक्सिपाफंट हे औषध ब्रिटनमध्ये २९० रुग्णांवर तपासलं गेलं. २००१ मध्ये निकाल आला. अवयव निकामी होण्याचं प्रमाण औषध घेणाऱ्यांमध्ये ५७ टक्के, न घेणाऱ्यांमध्ये ५८ टक्के. पण माझ्या मते यापेक्षा महत्त्वाचा आकडा दुसराच आहे. चाचणीत दाखल होतानाच ४४ टक्के रुग्णांचा एखादा तरी अवयव निकामी झालेला होता. आग विझवणारे पोहोचले, तोवर घर अर्धं जळालं होतं.

दुसरी अडचण आणखी विचित्र आहे. ही यंत्रणा आधी भडकते आणि नंतर थकते. मग स्वादुपिंडाच्या मेलेल्या भागात आतड्यातले जंतू शिरतात. म्हणजे पहिल्या दिवसांत इम्युनिटी दाबायची, तर पुढे तीच कमी पडण्याची भीती. चीनमध्ये म्हणून उलटा प्रयोग केला गेला. थायमोसिन अल्फा-१ हे इम्युनिटीला बळ देणारं औषध ५०८ रुग्णांच्या चाचणीत तपासलं. २०२२ चा निकाल: दोन्ही गटांत जवळपास सहातल्या एकाला संसर्ग झालाच.

चाललं कुठे?

एका ठिकाणी चाललं, आणि तिथलं औषध अगदी साधं आहे. ईआरसीपी, म्हणजे दुर्बिणीतून पित्तनलिकेवर केली जाणारी प्रक्रिया. तिच्यानंतर काही जणांना हाच आजार होतो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात जास्त धोका असलेल्या ६०२ रुग्णांपैकी निम्म्यांना प्रक्रियेनंतर लगेच इंडोमेथासिनची सपोझिटरी (गुदद्वारातून देतात ती गोळी) दिली गेली. आजाराचं प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.२ टक्क्यांवर आलं. फरक वेळेचा आहे. इथे इजा कधी होणार, हे डॉक्टरांना आधीच माहीत असतं. घरी कळ सुरू झालेला रुग्ण मात्र ॲसिडिटी समजून कित्येक तास काढतो.

सध्या ऑक्सोरा या औषधाकडे लक्ष आहे. ते पेशींमध्ये शिरणारं कॅल्शियम अडवतं, त्यामुळे स्वादुपिंड आणि पांढऱ्या पेशी दोन्हींवर काम करतं. त्याच्या मधल्या टप्प्यातल्या चाचण्या झाल्या आहेत.

भारतात मात्र नातेवाईकांच्या कानावर दुसरंच नाव पडण्याची शक्यता जास्त आहे: युलिनास्टॅटिन. मानवी मूत्रातून मिळणारं हे प्रथिन ट्रिप्सिनला अडवतं आणि पांढऱ्या पेशींच्या एन्झाइमलाही. भारतातल्या चाचणीत गंभीर रुग्णांना त्याचा फायदा दिसला होता, पण रुग्ण दीडशेपेक्षा कमी होते. एवढ्या छोट्या चाचणीवर ठाम निष्कर्ष काढता येत नाही. तेव्हा प्रिस्क्रिप्शनवर हे नाव दिसलं, तर डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: आजार सौम्य आहे की गंभीर, आणि दुखणं सुरू होऊन किती तास झालेत?