तासाला किती सांगायचे, सर?

काही महिन्यांपूर्वी माझ्या एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. बीएस्सी आयटी झालेली, रत्नागिरीत घरूनच वेबसाइट बनवते. कोल्हापूरच्या एका दुकानदाराने विचारलं, तासाला किती घेणार? तिने दीडशे सांगितले. त्याने लगेच हो म्हटलं, तेव्हा हिच्या मनात पाल चुकचुकली.

तिचा हिशोब असा होता. पुण्यात नोकरी लागली असती तर महिना २५,००० मिळाले असते. २५ दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०० तास. तासाला १२५ पडतात, वर २५ नफा.

मी तिला आठवडाभर वहीत नोंद ठेवायला सांगितलं. ग्राहकाचे फोन, कोटेशन, ‘जरा एवढं बदलून द्या’, नवीन काही शिकणं, लाइट जाणं. पैसे लावता येतील असे तास भरले फक्त २५, म्हणजे महिन्याला १००. आम्हा शिक्षकांना यात नवल नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला वर्गातल्या तासाचे पैसे मिळतात, घरी पेपर तपासत जागवलेल्या रात्रींचे नाहीत.

आता खर्च. ६०,००० चा लॅपटॉप तीन वर्षं चालला तर महिना सुमारे १,७००. इंटरनेटची कनेक्शन दोन, कारण पावसाळ्यात एक हमखास बंद. इन्व्हर्टर, लाइट बिल. सगळं धरून ५,०००. नोकरीत मालक पीएफ भरतो, इथे ते ३,००० स्वतःच बाजूला काढायचे. महिना झाला ३३,०००, वर्षाचे ३,९६,०००. ईद, आजारपण, घरातली लग्नं यांचा एक महिना वजा केला की विकायला उरतात १,१०० तास. भागाकार येतो ३६०! तोही भाव नव्हे, तळ. काम फायवरवरून आलं तर ते २० टक्के कापतात, म्हणजे तिथे ४५० सांगितले तर हातात ३६० पडणार. आंबा वाशीला पाठवणाऱ्याला हे समजवावं लागत नाही. तो पेटीच्या भावावर खूश होत नाही, पट्टीवरची शेवटची रक्कम बघतो.

मग हुशार मुलगी दीडशे का सांगते? घर अब्बांचं, जेवण अम्मीच्या हातचं, भाऊ आखातात. तिची कमाई म्हणजे ‘तिच्या हौसेपुरती’, असं घरचेच म्हणतात. मला हे खटकतं. भाऊ दिरहम किती पाठवतो ते सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक असतं, हिच्या तासाचा भाव घरात कुणी विचारत नाही. घरच्या छपराची सूट कोल्हापूरच्या दुकानदाराला का द्यायची? शिवाय पुण्या-मुंबईत भाड्याने राहून हेच काम करणाऱ्या आपल्याच मुलांचा भावही त्यामुळे पडतो.

सरकार काही करेल का? नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात गिग कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख होती, ती २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख होईल असा अंदाज आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यात गिग कामगाराची व्याख्या आली, प्लॅटफॉर्म कंपन्यांनी कल्याण निधीत पैसे भरायची तरतूद आली. पण किमान वेतन मिळतं ते नोकरदाराला. स्वतंत्र काम घेणाऱ्याच्या तासाला कायद्याने तळ दिलेला नाही, तो वहीतच काढावा लागतो.

थकलेल्या पैशांसाठी मात्र कायदा आहे, आणि तो आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे. काम घेण्याआधीच ‘उद्यम’ नोंदणी करून ठेवावी, ती आधारवर होते आणि फुकट आहे. मग २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर व्याजही मागता येतं. ज्यांना व्याज नको, त्यांनी निदान मुद्दल तरी हक्काने मागावं. आपण उजरत आधी ठरवावी असं मुलांना शिकवतो, आणि व्हॉट्सअॅपवर दोन ओळी लिहून घ्यायला लाजतो.

शब्द दिला होता म्हणून ते काम तिने दीडशेनेच पूर्ण केलं. आता त्याच दुकानदाराला भावाच्या दुकानासाठी दुसरी साइट हवी आहे. तिने ४०० सांगितले. तो म्हणाला, तास नको, पूर्ण कामाचं बोला. अंदाज ६० तासांचा. तिने २४,००० लिहून पाठवले: निम्मे आगाऊ, बदल दोनदा फुकट, तिसऱ्यांदा तासाप्रमाणे. अजून उत्तर आलेलं नाही.